तिसरी मुलाखत

मुलाखत घेऊन "कळवतो" म्हणतात आणि नंतर कधीच कळवत नाहीत, अशा लोकांना दमयंती निसळ सरळ चोर म्हणते. पैसा चोरला तर पोलिसात जाता येतं, माणसाचे चार महिने चोरले तर कुठं जायचं, असा तिचा सवाल असतो. या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. मी पंकजा, सहकारी बँकेतून निवृत्त झालेली बाई. दमयंतीच्या ऑफिसात अकौंटंट, फायनान्स मॅनेजर असल्या उमेदवारांचे पेपर मी तपासते आणि मुलाखतीला तिच्या शेजारी बसते. मानधन बेताचंच आहे, पण घरी बसून मालिका बघण्यापेक्षा हे बरं.

ऑफिस म्हणजे नगरच्या सावेडीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. कंपन्यांना, दूध संघांना, पतसंस्थांना हिशेबाची माणसं निवडून द्यायची, हा तिचा धंदा. दमयंतीचे वडील शाळेत क्लार्क होते. त्यांच्या घरात सगळ्यांचं अक्षर सुरेख आणि वर तोंड करून विचारायची हिंमत कुणाच्यातच नाही. एम. कॉम. झाल्यावर इथल्याच एका कंपनीनं तिला नोकरीसाठी पुन्हापुन्हा बोलावलं. कधी मूळ सर्टिफिकेटं आणा, कधी मोठ्या साहेबांना भेटा, कधी साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा. शेवटच्या खेपेला ती गेली, तेव्हा "साहेब बाहेर गेलेत" असं तिला ज्यानं सांगितलं, तोच माणूस गेले दोन महिने त्या जागेवर काम करत होता. हे सांगताना तिच्या नाकपुड्या अजून फुगतात.

पुढं पंधरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब सांभाळून तिनं हे ऑफिस थाटलं, ते जणू त्या कंपनीवर सूड उगवायलाच. पगार किती ते जाहिरातीतच छापायचं. मालक नको म्हणाला तर ते काम घ्यायचंच नाही. उमेदवाराला त्या जागेवरचं खरंखुरं काम पेपर म्हणून द्यायचं आणि पेपरवर नाव न लिहिता नुसता क्रमांक टाकायचा, म्हणजे कोण कुणाचा भाचा ते तपासणाऱ्याला कळत नाही. दोन मुलाखती पुरे, तिसरी नाही. पंधरवड्यात होय की नाही ते सांगायचं, आणि नाही असेल तर का नाही, तेही फोन करून सांगायचं. सुरुवातीला लोक हसले. चिठ्ठीशिवाय इथं शिपाईसुद्धा लागत नाही आणि ही बाई फायनान्स मॅनेजर लावायला निघाली, असं तिच्या नवऱ्याचे मित्रच म्हणायचे. पण एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या हळूहळू लक्षात आलं, की हिनं दिलेला माणूस टिकतो आणि खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही. मग तेच जिना चढून यायला लागले.

तसेच एक दिवस अमृतराव आले. कोपरगावच्या अलीकडं त्यांचा दूध प्रकल्प आहे. नाव मी घेत नाही. पांढरे कपडे, गोड बोलणं. "ताई, तुमची लई तारीफ ऐकली. मला फायनान्स हेड पाहिजे. आधीचे तिघं सोडून गेले. टिकणारं माणूस द्या." दमयंतीनं आपले नियम सांगितले. ते सगळ्याला हो म्हणाले. पगाराचा आकडा छापायलासुद्धा हो म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. इतक्या सहजासहजी पगार छापू देणारा मालक मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

पेपर मी काढला. शेतकऱ्यांचं दर दहा दिवसांचं दूध पेमेंट, बँकेची उचल आणि गोदामात पडून असलेली दूध पावडर, असं सगळं एकात एक गुंतवून विचारलं, की पुढच्या तीन महिन्यांत पैसा कुठं अडेल आणि तुम्ही काय कराल? बहुतेकांनी बँकेकडून आणखी कर्ज घेऊ, असं लिहिलं. एकानं तर शेतकऱ्यांचं पेमेंट पुढं ढकलू, असं लिहिलं. एकच पेपर वेगळा होता. भाव उतरतोय, पावडर आत्ताच विका, थोडा तोटा झाला तरी चालेल. पण शेतकऱ्याचं पेमेंट एक दिवसही थांबवू नका, नाहीतर दूध शेजारच्या डेअरीला जाईल आणि परत येणार नाही. खाली सगळी आकडेमोड, खाडाखोड न करता. क्रमांक उघडल्यावर कळलं, की तो निकिताचा.

निकिता देवळाली प्रवऱ्याची. वडील गोरक्ष ऊस पिकवणारे, चांगली बागायती. पोरगी सीए झालेली, तीन वर्षं पुण्यात नोकरी केलेली. तिच्या हातात पुण्याच्याच एका मोठ्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र होतं आणि शुक्रवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी तिला विचारलं, पुणं सोडून इकडं कशाला? ती म्हणाली, "मॅडम, तिकडं मी पन्नासातली एक. इथं अख्ख्या प्रकल्पाचा पैसा माझ्या हातात असेल. मला ते करून बघायचंय." हे बोलताना तिचे डोळे असे चमकले, की तिला ही जागा मिळावी असं मलाच वाटायला लागलं. एरवी मी उमेदवारांत जीव गुंतवत नाही.

दुसरी मुलाखत प्रकल्पावर झाली. अमृतरावांनी पावडरबद्दल, बँकेबद्दल विचारलं. निकितानं नीट उत्तरं दिली. मग ते खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "मामा कुठले तुमचे?" निकितानं मामाचं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी शेजारी बसलेल्या मेहुण्याकडं बघून मान हलवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि दमयंतीलाही नाही. आपल्याकडं माणसाची पारख नात्यागोत्यावरून होते; तिजोरी ज्याच्या हातात द्यायची त्याच्या मागं कोण आहे, हे मालक बघणारच. पुढं मात्र दिवस जाऊ लागले. आज मीटिंग आहे, उद्या मुंबईला चाललोय. गुरुवारी दमयंतीनं फोनवर त्यांना चांगलंच धारेवर धरलं. पोरीला उद्या पुण्याला उत्तर द्यायचंय, काय ते सांगा. अमृतराव म्हणाले, "जागा तिचीच, ताई. पुण्याला नाही म्हणून कळवू द्या. रविवारी घरी चहाला घेऊन या, पत्रावर सही तिथंच करतो. संचालक मंडळी पण असतील."

तिसरी मुलाखत नाही, हा नियम दमयंतीनं तेवढ्या एका वेळी मोडला. नुसती सहीच तर करायची आहे, म्हणाली. तिच्या सांगण्यावरून निकितानं शुक्रवारी पुण्याला नकार कळवला.

रविवारी सकाळी दमयंतीच्या जुन्या वॅगनारमधून आम्ही निघालो. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी बोलायला लागले तर दुसरंच काही लिहून होईल, म्हणून सोडून देते. देवळालीला निकिताला घ्यायला थांबलो, तर तिच्याबरोबर गोरक्षही तयार उभा. कडक टोपी, नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. दमयंती म्हणाली, "दादा, तुम्ही? ही नोकरीची मुलाखत आहे."

"आमृतरावांचा फोन आल्ता," तो म्हणाला. "तुमी बी या म्हणले."

निकितानं वडिलांकडं बघितलं. त्यांनाही नवीनच असेल फायनान्सचं, बघू देत, असं काहीतरी पुटपुटून ती मागच्या सीटवर सरकली. कोल्हार ओलांडलं. मग गोरक्ष आपणहून बोलला, "मामाचं बी इच्यारलं म्हनं त्यांनी. आमच्यात मामा इच्यारला म्हंजी मानूस निस्तं नोकरीचं बोलत न्हाई." आणि तो हसला. दमयंतीनं आरशातून मागं बघितलं. गाडीचा वेग कमी झाला, पण गाडी थांबली नाही. आमच्या घरांत लग्नाचं बोलणं गोत्रावर येतं. मामाच्या कुळावर यांच्यात येतं, हे इतकी वर्षं या जिल्ह्यात राहून आम्हा दोघींच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुढच्या वळणावर मी निकिताकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "मला त्या दिवशी वाटलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण नोकरीच्या खोलीत विचारलं, म्हणून मनातून काढून टाकलं." दमयंती म्हणाली, मागं फिरू का? निकिता म्हणाली, "नको. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

बंगल्यात संचालक मंडळीपैकी कुणीही नव्हतं. हॉलमध्ये दोन सोफे होते आणि टीपॉयवर पोह्यांच्या बशा मांडलेल्या. आतल्या दारात चार-पाच बायका उभ्या होत्या. कोपऱ्यातल्या सोफ्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण मोबाईल बघत होता. तो ओम, अमृतरावांचा मुलगा. अमृतरावांची आई गोजरबाई मधोमध बसलेल्या. त्यांनी निकिताचा हात धरला. "हितं बस पोरी माझ्यापाशी. उजेडात बस. चष्मा हाय व्हय? लई नंबर हाय का? सैपाक येतो?"

दमयंतीनं पोह्यांची बशी न खाताच खाली ठेवली. "अमृतराव, नेमणुकीचं पत्र कुठं आहे?"

"देऊ की ताई. आधी ओळखपाळख होऊ द्या."

"ओळख प्रकल्पावर झाली. ही नोकरीची मुलाखत आहे की मुलगी बघण्याचा कार्यक्रम?"

अमृतरावांना लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर ते विसरा. ते उलट खूश होऊन सांगायला लागले. "दोनी हाय म्हना. तीन वरीस झालं, ओमला स्थळं बघतोय. लग्नाचं म्हणलं की शिकलेल्या पोरी गावाकडं ढुंकून बघत न्हाईत. नोकरी म्हणलं की अर्जावर अर्ज. तवा म्हणलं, एका दगडात दोन पक्षी. आधीचे फायनान्सवाले सोडून गेले. सून कुठं सोडून जाती? तिजोरी घरातल्या घरात. तुमची निवड लई चोख हाय ताई, तुमी पहिली आणलेली पोरगी आमच्या आईला बी पसंत हाय."

"आणि पगार? जाहिरातीत छापलाय तो?"

"घरच्या माणसाला पगार कसला द्यायचा ताई?"

हातातली बशी त्या पांढऱ्या कपड्यांवर उपडी करावी, असं मला मनापासून वाटलं. केली नाही, याचा मला अजून पस्तावा होतो. वर्षानुवर्षं रात्री जागून पोरीनं परीक्षा दिल्या आणि या गृहस्थाला त्यातून फुकटची, कायमची, राजीनामा न देणारी नोकर दिसली. वर त्याला आमच्या निवडीचं कौतुक.

दमयंतीनं पर्समधून पेन काढलं. मला वाटलं, ती उठतेय. ती ओमकडं वळली.

"मुलाखतच आहे, तर दोन्हीकडून होऊ द्या. ओम, तुम्ही काय करता?"

ओमनं मोबाईल खाली केला. "प्लांट बघतो."

"मागच्या वेळी शेतकऱ्यांना लिटरला काय भाव दिला?"

ओमनं वडिलांकडं बघितलं.

"गोदामात पावडर किती आहे?"

"ते गोदामवाल्याला विचारावं लागंल."

"बँकेत सही कुणाची चालते?"

"पप्पांची."

"स्वयंपाक येतो?"

एवढ्या लोकांत गोजरबाई एकट्याच हसल्या. दमयंतीनं पेन बंद केलं. "अमृतराव, हा उमेदवार माझ्या पहिल्याच पेपरात गळाला असता. याला मी दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं नसतं."

आता अमृतरावांचा चेहरा बदलला. बैठक आमच्या हातातून सुटते की काय, असं वाटलं, तेवढ्यात निकिता उभी राहिली. "मला एवढंच सांगा. मी लग्नाला नाही म्हटलं आणि फक्त नोकरीला हो म्हटलं, तर ही जागा आहे का?"

"निके, खाली बस," गोरक्ष म्हणाला. "मोठ्या घरात आसं बोलत्यात का?"

अमृतराव म्हणाले, "बसा. शांतपनं इचार करा. घाई न्हाई. बघू, कळवतो."

दमयंती उठली. आम्ही तिघी बाहेर पडलो आणि गोरक्ष पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून मागून आला. परतीच्या वाटेवर शिर्डीच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा निकितानं विचारलं, "दादा, तुम्हाला फोनवर त्यांनी काय सांगितलं होतं?"

"लगीन आदी, मंग खुर्ची."

"मला का नाही सांगितलं?"

गोरक्षनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "सांगितलं आस्तं तर तू आली आस्तीस का?"

मग मीच मध्ये पडले आणि नको तेवढं बोलले. गोरक्षनं ऐकून घेतलं आणि शेवटी दमयंतीला म्हणाला, "तुमी बी बाईमानूस हाय. समजवा तिला. आसं घर पुन्ना यायचं न्हाई." माणूस वाईट नाही तो. पोरीच्या शिक्षणाला त्यानं कधी हात आखडता घेतला नाही. पण त्या शिक्षणाला पैसे देणारा हाच माणूस ते असं बांधून देऊन टाकायला निघाला होता, आणि मला अमृतरावांपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

सोमवारी सकाळी दमयंतीनं स्वतः पुण्याला फोन केला. त्या जागेवर शनिवारीच दुसऱ्या उमेदवाराला पत्र गेलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. चांगली कंपनी खुर्ची रिकामी ठेवत नाही. दमयंतीनं त्यांच्या जागी अगदी हेच केलं असतं, आणि तेच तिला झोंबलं. मग अमृतरावांना तिनं चार ओळींचं पत्र पाठवलं, की तुमचं काम आम्ही सोडलं आहे आणि फीचे पैसे नकोत. अमृतरावांनी उत्तर दिलं नाही. बोलायला मात्र कमी केलं नाही. ही बाई मुलींना घरच्यांविरुद्ध फितवते, असं ते बैठकीत बसून सांगू लागले. त्यांच्या ओळखीच्या दोन दूध डेअऱ्यांनी आमच्याकडं माणसं मागणं बंद केलं. गोरक्षचा एकदा फोन आला, "तुमच्यामुळं माज्या पोरीचं वाटूळं झालं," आणि दमयंतीनं त्याला उलट उत्तर दिलं नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, अर्धं खरं आहे, पुण्याला नकार कळव असं मीच सांगितलं होतं.

निकितानं घर सोडलं. सावेडीत मैत्रिणीच्या खोलीवर राहते आणि दुसरी जागा मिळेपर्यंत आमच्या ऑफिसात बसते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला अकौंटंट म्हणून घ्यायची तयारी दाखवली, पण हेड म्हणून नाही. आधी काही वर्षं काढा, मग बघू, असं मालक म्हणाले. ती विचार करते आहे.

गेल्या आठवड्यात पेपरात जाहिरात आली. दूध प्रकल्पास फायनान्स हेड पाहिजे, महिलांना प्राधान्य. पगार छापलेला. त्याच पेपरात आतल्या पानावर अमृतरावांचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, की ग्रामीण भागातल्या मुलींना वरच्या पदाची संधी देणारा उद्योजक म्हणून त्यांचं सर्वत्र कौतुक होत आहे. मी पेपर टेबलावर आपटला. ऑफिसात गेल्या काही वर्षांत हिशेबाच्या नोकरीसाठी नाव नोंदवलेल्या जिल्ह्यातल्या मुलींचे फोन नंबर होते. ते काढून दमयंतीनं एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. निकिता म्हणाली, "मॅडम, द्या इकडं. मी करते. माझ्याकडून ऐकलेलं बरं."

तिनं दुपारभर फोन केले. स्वतःचं नाव सांगायची, काय घडलं ते लपवाछपवी न करता सांगायची, आणि तिथं नोकरी नाही एवढं बजावून ठेवायची. काही मुली घाबरल्या, काहींनी आभार मानले, एकीनं अर्ज आधीच टाकला होता, तिनं मागे घेते म्हटलं. संध्याकाळी श्रीरामपूरकडच्या एका मुलीनं फोन उचलला, पण सगळं ऐकून घेतल्यावर तो तिच्या आईनं घेतला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"ताई, मुलगा एकुलता एक हाय का?"

निकिता म्हणाली, "हो. पण त्यांना तुमची मुलगी फुकटात राबायला पाहिजे. एवढं शिकली ती, पगार देणार नाहीत."

"फुकट कसं बाई," पलीकडून उत्तर आलं, "घर तिचंच झालं की मग."

दमयंतीनं हात पुढं केला, पण निकितानं फोन दिला नाही. तिनं त्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.